जुना गाभा केव्हा काढावा : लिनक्स प्रणालीतील एका व्यवहाराचा इतिहास

१. प्रास्ताविक

वर्धा जिल्ह्यातील आर्वी हा तालुका कापसाचा. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा निर्माण करण्यात आला, त्यानंतरच्या दशकात या खोऱ्यातील कापसाकडे सरकारचे विशेष लक्ष वेधले गेले. 'हिंगणघाट' या नावाने मुंबईच्या व लँकेशायरच्या बाजारात ओळखला जाणारा लांब धाग्याचा कापूस याच जिल्ह्यातला. मध्यप्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांच्यापुढे मुख्य प्रश्न होता तो बियाण्याच्या भेसळीचा. आखूड धाग्याचे पण अधिक उत्पन्न देणारे वाण शेतात शिरत होते, सरकी एकत्र होत होती आणि मूळचा 'बनी' कापूस हळूहळू मागे पडत होता. पुढे १९७० मध्ये सुरत येथे 'संकर ४' हा वाण तयार झाला व २००२ मध्ये जनुकबदल केलेल्या बीटी कापसास मान्यता मिळाली. तेव्हापासून कास्तकाराने घरची सरकी राखून पेरण्याची रीत जवळजवळ संपुष्टात आली. जुने देशी वाण आता मुख्यतः नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी जतन केलेले आढळतात.

नवे स्वीकारताना जुने केव्हा टाकावे, हा प्रश्न अशा रीतीने या भूमीस नवा नाही. नवे बियाणे उगवल्याची खात्री पटेपर्यंत जुने घरात ठेवावे, हा त्यातील साधा विवेक होय. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र शेतीचा नसून संगणकाचा आहे. इंग्रजीत 'कर्नेल' हा शब्द मुळात बियातील गराचा वाचक. संगणकशास्त्राने तो उचलला, आणि लिनक्स या प्रणालीत एकाच यंत्रावर अनेक जुने कर्नेल साठून राहण्याची व ते काढून टाकण्याची समस्या निर्माण झाली. वरकरणी हा केवळ तांत्रिक टापटिपीचा विषय वाटतो. परंतु आज या कामाचे जे नियम रूढ आहेत, त्यांतील प्रत्येकाच्या मागे एखादा ऐतिहासिक निर्णय आणि बहुधा एखादी दुर्घटना उभी आहे. तो क्रम ध्यानात घेतल्याखेरीज नियमांचा अर्थ नीट उलगडत नाही.

२. गाभ्याचे स्वरूप

संगणक सुरू होताच यंत्रातील मूळ आज्ञावली एका लहान आरंभक आज्ञावलीस जागे करते. आरंभक डिस्कवरून गाभा, म्हणजे कर्नेल, स्मृतीत आणतो व सूत्रे त्याच्या हाती देतो. तेथून पुढे स्मृतीचे वाटप, प्रक्रियांचे वेळापत्रक, डिस्क, कळफलक, जाळे या सर्वांशी होणारा व्यवहार गाभ्यामार्फतच चालतो.

लिनक्समध्ये एका गाभ्याचे अस्तित्व एका फाईलपुरते मर्यादित नसते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. 'बूट' नावाच्या निर्देशिकेत गाभ्याची मूळ फाईल असते. तिच्याशेजारी 'इनिट्रॅमएफएस' नावाची, आरंभी लागणाऱ्या चालकांची पेटी असते, आणि ती बहुधा गाभ्याहून मोठी असते. याखेरीज 'लिब मॉड्यूल्स' या निर्देशिकेत त्या त्या आवृत्तीच्या नावाने शेकडो मॉड्यूले स्वतंत्रपणे ठेवलेली असतात. बाहेरची मॉड्यूले जुळविण्यासाठी लागणाऱ्या शीर्षक-फायली आणखी वेगळ्या. या सर्वांची नोंद पॅकेजांच्या दप्तरात असते व आरंभकाच्या यादीतही असते. एक गाभा काढणे म्हणजे इतक्या ठिकाणची नोंद एकाच वेळी व परस्परांशी सुसंगत राहील अशी पुसणे होय. यातील एकच धागा तोडून बाकीचे तसेच ठेवले, तर प्रणालीच्या दप्तरात आणि प्रत्यक्षात तफावत पडते.

३. हाताने राखलेला जुना गाभा

बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या हातून यूनिक्सची सुरुवात झाली. यूनिक्सच्या परंपरेत गाभा ही एकच फाईल असे व नवा गाभा जुन्याच्या जागी ठेवला जाई. नवा चालला नाही तर यंत्र निकामी होई, म्हणून व्यवस्थापक जुन्या फाईलचे नाव बदलून ती बाजूस ठेवीत. ही रीत आजही जिवंत आहे. फ्रीबीएसडी या यूनिक्स कुळातील प्रणालीत नवा गाभा बसविताना आधीचा गाभा आपोआप 'कर्नेल.ओल्ड' या नावाने शेजारी ठेवला जातो. तेथे नवा व त्याच्या लगतचा जुना अशी जोडी असते. पुढचा नवा आला की जोडीतील जुना आपसूक नाहीसा होतो, त्यामुळे साठा वाढण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

लिनक्सचा जन्म १९९१ चा. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या कामाची वार्ता प्रसिद्ध केली आणि सप्टेंबरमध्ये ०.०१ ही आवृत्ती बाहेर आली. तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. ती स्वतःच्या पायावर उभी नव्हती. तिची जुळणी करण्यासाठी मिनिक्स ही दुसरी प्रणाली यंत्रावर असावी लागे. लिनक्सच्या पहिल्या दिवसांत 'जुने' म्हणून राखून ठेवलेले जे होते ते मिनिक्स होय. टोर्वाल्ड्सने आपल्या आत्मकथनात सांगितलेला एक प्रसंग येथे उल्लेखनीय आहे. मोडेमला पाठवावयाचा संदेश चुकून डिस्कला गेला आणि मिनिक्सचा भाग नष्ट झाला. तो पुन्हा बसविण्याऐवजी पुढचे काम लिनक्सवरच करावे असे त्याने ठरविले. परतीची वाट बंद झाल्यामुळे पुढच्या वाटेस वेग आला, हे खरे. परंतु ज्याने गाभा लिहिला त्याला हे साधले. इतरांस तो कित्ता गिरविता येण्याजोगा नाही. टोर्वाल्ड्सच्या गाभ्यासोबत पुढे दीर्घकाळ प्रसृत होणाऱ्या सूचनापत्रातही, काही बिघडल्यास हाताशी असावा म्हणून एक चालता गाभा राखून ठेवावा, असाच उपदेश आहे.

१४ मार्च १९९४ रोजी १.० ही आवृत्ती निघाली, तेव्हा गाभ्याच्या ओळी पावणेदोन लाखांवर गेल्या होत्या. आज त्या चार कोटींच्या घरात आहेत. ही वाढ पुढील समस्येची पार्श्वभूमी होय.

४. 'बूट' विभागाचा संकोच

जुन्या गाभ्यांची अडचण होण्याचे निकटचे कारण म्हणजे 'बूट' विभागाचा लहान आकार. हा विभाग लहान का राहिला, याचे उत्तर १९८० नंतरच्या वैयक्तिक संगणकाच्या रचनेत सापडते. यंत्राची मूळ आज्ञावली, म्हणजे बायॉस, डिस्कवरील केवळ पहिल्या १०२४ सिलिंडरांपर्यंत पोहोचू शके. तत्कालीन मापानुसार ही मर्यादा ५०४ मेगाबाइटांची होती. पुढे हिशेबाची पद्धत बदलल्यावर ती सुमारे ८.४ अब्ज बाइटांपर्यंत वाढली. डिस्क याहून मोठ्या झाल्या, तेव्हा गाभा मर्यादेच्या पलीकडे जाऊन पडण्याचा धोका उत्पन्न झाला. त्यावर उपाय म्हणून डिस्कच्या आरंभीच 'बूट' नावाचा छोटा विभाग कापून गाभा तेथे बंदिस्त करण्याची पद्धत पडली.

त्या काळचा प्रचलित आरंभक 'लिलो' हा होय. वेर्नर आल्मेसबर्गर याने तो १९९२ च्या सुमारास रचला. लिलोला फायलींची व्यवस्था वाचता येत नसे. गाभा डिस्कवर नेमका कोठे आहे, याचा नकाशा तो आधीच करून ठेवी. साहजिकच गाभा बदलला किंवा काढला की लिलो पुन्हा चालविणे अनिवार्य असे. एखाद्याने जुना गाभा पुसला आणि लिलो चालविण्यास तो विसरला, तर नकाशा रिकाम्या जागेकडे बोट दाखवी आणि पुढच्या वेळी यंत्र सुरूच होत नसे. १९९५ मध्ये एरिक बोलिन याने आरंभ केलेल्या 'ग्रब'ने हा दोष दूर केला. ग्रब फायलींची व्यवस्था स्वतः वाचतो, सुरुवातीस उपलब्ध गाभ्यांची यादी दाखवितो, आणि यादीतील कोणताही गाभा निवडण्याची मुभा देतो. जुना गाभा राखण्याला खरा व्यावहारिक अर्थ आला तो या यादीमुळे.

१०२४ सिलिंडरांचे बंधन २००० च्या सुमारास सुटले. तरीही वेगळा लहान 'बूट' विभाग मागे राहिला. डिस्क गुप्तलिपीत ठेवावयाची असल्यास किंवा तिची तार्किक विभागणी करावयाची असल्यास आरंभकाला वाचता येईल असा एक उघडा कोपरा लागे. म्हणून प्रतिष्ठापक आज्ञावल्या तो आपोआप कापून देत, आणि त्याचा आकार बराच काळ सुमारे पाव गिगाबाइट एवढाच असे. मूळ कारण नाहीसे झाले, पण त्याने घालून दिलेला आकार दुसऱ्या कारणाच्या आश्रयाने टिकून राहिला. संस्थांच्या इतिहासात असे वारंवार घडते. यंत्रांच्या इतिहासातही ते घडते, एवढाच याचा बोध. नव्या यंत्रांतील ईएफआय विभागाबाबत हीच कथा पुन्हा दिसते. विंडोजसाठी कापलेला हा विभाग पुष्कळदा १०० मेगाबाइटांचा असतो. गाभे तेथेच ठेवणारा आरंभक वापरला तर दोन-तीन गाभ्यांतच जागा संपते.

५. साठा कसा वाढला

१९९३ मध्ये इयन मर्डॉक याने डेबियन या वितरणाची स्थापना केली, तर रेड हॅटने १९९५ मध्ये आपली आरपीएम ही पॅकेजव्यवस्था प्रसृत केली. आज्ञावली हाताने जुळविण्याऐवजी तयार पॅकेज बसवावे, आणि नवे पॅकेज आले की जुन्याची जागा त्याने घ्यावी, हे या व्यवस्थांचे तत्त्व. बाकी सर्व आज्ञावल्यांना ते निर्धोकपणे लागू पडले. गाभ्याच्या बाबतीत मात्र ते धोक्याचे ठरले, कारण नव्या गाभ्याने जुन्याची जागा घेतली आणि नवा चालला नाही, तर दुरुस्तीसाठी यंत्रात शिरण्याचा मार्गच उरत नाही.

यातून दोन तोडगे निघाले. रेड हॅटच्या परंपरेत गाभा 'अद्ययावत' करू नये, तो 'नव्याने बसवावा', असा दंडक पडला. अनुभवी व्यवस्थापक नवशिक्यांना ही गोष्ट प्रथम सांगत. डेबियनने आवृत्तीचा क्रमांक थेट पॅकेजच्या नावातच गोवला. त्यामुळे प्रत्येक नवा गाभा हे व्यवस्थेच्या दृष्टीने एक निराळेच पॅकेज ठरते व जुन्यास धक्का लावीत नाही. नवी आवृत्ती आपोआप यावी म्हणून एक रिकामे 'सूत्र-पॅकेज' ठेवण्यात आले. त्यात स्वतःचे काही नसते. ते केवळ सर्वांत नव्या गाभ्याकडे निर्देश करते.

दोन्ही तोडगे योग्य होते आणि त्यांनी असंख्य यंत्रे वाचविली. परंतु जुने टाकावे कोणी, हा प्रश्न दोघांनीही वापरणाऱ्यावर सोपविला. सुरक्षिततेच्या सुधारणा दरमहा, कधी त्याहूनही लवकर येऊ लागल्या. स्वयंचलित सुधारणा चालू केलेल्या यंत्रावर वर्षभरात दहा-पंधरा गाभे साठणे हे विशेष राहिले नाही. 'बूट' विभाग पाव गिगाबाइटाचा आणि प्रत्येक गाभ्याचा पसारा काही दशक मेगाबाइटांचा. मग जागा केव्हा संपेल हे सांगण्यास गणिती असण्याची गरज नव्हती. ज्यांचा 'बूट' विभाग वेगळा नव्हता त्यांना आणखी एका विचित्र अडचणीचा अनुभव आला. शीर्षक-फायली आकाराने लहान, पण संख्येने हजारो. डिस्कवर जागा शिल्लक असूनही फायलींच्या नोंदीसाठी ठेवलेल्या आयनोडांची संख्या संपे आणि यंत्र 'जागा नाही' अशी तक्रार करी.

६. कोंडीचे स्वरूप

'बूट' विभाग भरला म्हणजे नेमके काय होते, हे पायरीपायरीने पाहणे आवश्यक आहे. नव्या गाभ्याचे पॅकेज येते, त्याच्या फायली उलगडल्या जातात. मग इनिट्रॅमएफएस तयार होऊ लागते आणि मध्येच जागा संपते. पॅकेज अर्धवट अवस्थेत अडकते. सूत्र-पॅकेज त्यावर अवलंबून असल्याने तेही अपुरे राहते. आता व्यवस्थापक जुने गाभे काढावयास जातो, तेव्हा पॅकेजव्यवस्था त्यास सांगते की आधी अर्धवट राहिलेले काम पुरे करा. ते पुरे करावयास जागा हवी; जागा हवी तर जुने काढावयास हवे; आणि जुने काढावयाचे तर आधीचे काम पुरे हवे. अशा रीतीने वर्तुळ पूर्ण होते.

या अवस्थेत यंत्र चालूच असते, आणि धोका वाढतो तो त्यामुळे. चालू गाभा स्मृतीत असल्याने त्याच्या फायली डिस्कवरून पुसल्या तरी तात्काळ काही बिघडत नाही. आधी स्मृतीत आलेली मॉड्यूलेही चालू राहतात. न चालते ते नवे मॉड्यूल: एखादी पेनड्राइव्ह लावली तर ती ओळखली जात नाही, एवढेच. आर्चसारख्या वितरणात गाभ्याचे एकच पॅकेज असून नवा जुन्याची जागा घेतो. तेथे प्रत्येक सुधारणेनंतर यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत हाच अनुभव येतो. चूक आज होते आणि तिचे फळ वीज गेल्यावर, पुढच्या आरंभाच्या वेळी मिळते. त्या वेळी कारण व परिणाम यांच्यात कदाचित काही आठवड्यांचे अंतर पडलेले असते आणि चूक करणाऱ्यास ती आठवतही नसते.

७. निष्कासनाचे यांत्रिकीकरण

वापरणाऱ्यावर सोपविलेले काम बहुतेक वेळा होत नाही, हे ध्यानात आल्यावर वितरणांनी ते स्वतःकडे घेण्यास सुरुवात केली. फेडोराच्या परंपरेत एकाच वेळी किती गाभे ठेवावेत याची मर्यादा ठरविण्यात आली. ती सामान्यतः तीन असते. चौथा आला की सर्वांत जुना जातो. चालू असलेला गाभा मात्र काढला जात नाही. ओपनसुसेने संख्येऐवजी वर्णनाचा आश्रय घेतला: सर्वांत नवा, त्याच्या लगतचा आणि सध्या चालू असलेला, एवढे ठेवावेत, बाकीचे यंत्र पुन्हा सुरू झाल्यानंतर काढावेत.

डेबियन व उबुंटू यांच्या एपीटी या साधनात, इतर पॅकेजांपैकी कोणासही न लागणारी पॅकेजे एकत्र काढून टाकण्याची सोय होती. तिला गाभ्यांविषयीचे स्वतंत्र संरक्षण जोडावे लागले. चालू असलेला, नुकताच बसविलेला, सर्वांत नवा व त्याच्या खालोखालचा, असे गाभे या सोयीच्या हाती लागू नयेत, असा नियम घालण्यात आला. या चार भूमिकांपैकी काही एकाच गाभ्याकडे असतात, त्यामुळे प्रत्यक्षात दोन किंवा तीन गाभे शिल्लक राहतात. पुढे स्वयंचलित सुधारणा करणाऱ्या आज्ञावलीलाही अनावश्यक गाभे काढण्याचा अधिकार मिळाला.

'चालू असलेला' ही अट अनावश्यक वाटण्याचा संभव आहे, कारण चालू गाभा साधारणतः नवाच असावा अशी समजूत असते. ती बरोबर नाही. महिनोन् महिने न थांबणाऱ्या सेवा-यंत्रावर सुधारणा येत राहतात, पण पुनरारंभ होत नाही. एप्रिल २०१५ च्या ४.० या आवृत्तीपासून चालू गाभ्यास जागच्या जागी ठिगळ लावण्याची सोय मूळ लिनक्समध्ये आली आणि पुनरारंभाची निकड आणखी कमी झाली. अशा यंत्रावर चालू गाभा हा यादीतील सर्वांत जुनाही असू शकतो. केवळ वयाच्या क्रमाने काढत गेल्यास पहिला घाव त्यावरच पडेल.

८. दोन उदाहरणे

जुना गाभा राखण्याचे महत्त्व जानेवारी २०१८ मध्ये ठळकपणे दिसून आले. 'मेल्टडाउन' व 'स्पेक्टर' या प्रक्रियकांतील दोषांची वार्ता प्रसिद्ध होताच सर्व वितरणांनी घाईने सुधारणा काढल्या. उबुंटू १६.०४ साठी आलेला ४.४.०-१०८ हा गाभा काही यंत्रांवर सुरूच होईना. लवकरच ४.४.०-१०९ काढून दोष निवारण्यात आला. परंतु मधल्या काळात ज्यांच्या यंत्रात आधीचा गाभा होता, त्यांना ग्रबच्या यादीतून तो निवडून काम चालविता आले आणि त्याच वाटेने पुढची सुधारणाही बसविता आली. ज्यांनी जागा वाचविण्यासाठी एकच गाभा ठेवला होता, त्यांच्यापुढे बाहेरून यंत्र सुरू करण्याचाच मार्ग होता.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडकीस आलेला 'डर्टी काऊ' हा दोष २००७ मधील २.६.२२ या आवृत्तीपासून गाभ्यात दडलेला होता. त्याच्या आधारे सामान्य वापरकर्त्यास सर्वाधिकार मिळविता येत. सुधारित गाभा बसविला, तरी यादीत सदोष गाभे राहिले, तर यंत्रापुढे बसलेली व्यक्ती आरंभीच त्यांपैकी एक निवडू शकते. चुकीने यादीचा क्रम बदलला तर यंत्र स्वतःच त्याकडे वळते. जुना गाभा ही परतीची वाट आहे, तशीच ती मागची उघडी खिडकीही आहे. म्हणून 'जुने सर्व ठेवावे' आणि 'जुने सर्व काढावे' ही दोन्ही टोके सारखीच अग्राह्य ठरतात.

९. सुरक्षित निष्कासनाचा क्रम

वरील इतिहासातून निघणारा क्रम थोडक्यात असा मांडता येईल.

पहिली गोष्ट, सध्या कोणता गाभा चालू आहे हे पाहावे. 'यूनेम' ही आज्ञा ते सांगते. त्यानंतर पॅकेजांच्या दप्तरातून बसविलेल्या सर्व गाभ्यांची यादी घ्यावी आणि दोन्ही ताडून पाहाव्यात. या दोन याद्या एकच समजणे हे पुष्कळ अपघातांचे मूळ आहे.

दुसरी गोष्ट, सर्वांत नवा गाभा चालू नसेल तर प्रथम यंत्र पुन्हा सुरू करून तो चालवावा आणि केवळ पडदा उजळला यावर समाधान न मानता पडदा, जाळे, ध्वनी, छपाई व बाहेरून जोडलेली साधने पाहावीत. डेलने २००३ मध्ये पुढे आणलेल्या डीकेएमएस या पद्धतीने बाहेरची मॉड्यूले प्रत्येक नव्या गाभ्यासाठी पुन्हा जुळविली जातात. ती जुळणी फसल्यास गाभा चालतो पण एखादे साधन चालत नाही, आणि हे काही दिवसांनी कळते.

तिसरी गोष्ट, निष्कासनाची रंगीत तालीम करावी. एपीटीमध्ये प्रत्यक्ष काहीही न बदलता 'काय काढले जाईल' हे दाखविण्याची सोय आहे. ती यादी शब्दशः वाचावी. तीत चालू गाभ्याचे किंवा सूत्र-पॅकेजचे नाव आढळले तर तेथेच थांबावे. सूत्र-पॅकेज गेले तर यंत्र आज उत्तम चालते, परंतु पुढील सुरक्षा-सुधारणा येणे मुकाट्याने बंद होते. हा तोटा कोणत्याही संदेशावाचून होतो. नावाच्या जागी ताऱ्याचे चिन्ह घालून एकदम सर्व गाभे उडविण्याचा मोहही याच कारणास्तव टाळावा.

चौथी गोष्ट, गाभा पॅकेजव्यवस्थेमार्फतच काढावा. 'बूट' निर्देशिकेतील फायली हाताने पुसू नयेत. व्यवस्थेमार्फत काढल्यास मॉड्यूले, इनिट्रॅमएफएस आणि ग्रबची यादी ही सर्व एकसमयावच्छेदे सुधारतात. चालू गाभ्यावर हात पडला तर डेबियनची व्यवस्था स्पष्ट इशारा देऊन काम सोडण्याचा पर्याय पुढे करते. तो इशारा डावलून पुढे जाण्यास फारच सबळ कारण हवे.

कोंडी आधीच झाली असेल तर मात्र चौथ्या नियमास एक मर्यादित अपवाद करावा लागतो. चालू नसलेल्या सर्वांत जुन्या गाभ्याची इनिट्रॅमएफएस अन्य ठिकाणी नेऊन ठेवावी, म्हणजे 'बूट' विभागात थोडी जागा होते. मग अर्धवट राहिलेले काम पुरे करावे आणि लगेच त्या जुन्या गाभ्याचे पॅकेज रीतसर काढावे. येथे फाईल नष्ट न करता हलविण्यावर भर आहे, तो याच कारणाने की अंदाज चुकल्यास ती परत आणता यावी.

शेवटी 'बूट' विभागात काय उरले आणि ग्रबच्या यादीत काय दिसते हे पाहावे. दोहोंचा मेळ असला म्हणजे काम संपले.

१०. उपसंहार

१९८८ मध्ये पुणे येथे सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये, लिनक्सच्या जन्मवर्षीच, 'परम ८०००' हा महासंगणक तेथे सिद्ध झाला. पुढे याच संस्थेने डेबियनच्या पायावर 'बॉस' हे भारतीय वितरण २००७ मध्ये प्रसृत केले व त्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय केली. पवई येथील आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' उपक्रमाने लिनक्सचे पाठ मराठीतूनही उपलब्ध केले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबल्यानंतर, नवी प्रणाली न पेलणाऱ्या जुन्या यंत्रांना लिनक्सचा पर्याय अधिकच जवळचा झाला आहे. अशी यंत्रे शहरांपेक्षा तालुक्यांच्या गावी, शाळांत, ग्रंथालयांत व लहान कार्यालयांत अधिक काळ वापरात राहतात. त्यांच्या डिस्क लहान असतात आणि पूर्वीच्या विभागण्या तशाच पुढे चालत आलेल्या असतात.

पुण्यामुंबईत यंत्र सुरू झाले नाही तर जाणकार तासाभरात येतो. आर्वीसारख्या गावी तो वर्ध्याहून किंवा नागपूरहून येईपर्यंत यंत्र बंद पडून राहते. म्हणून येथे यादीतील दुसऱ्या गाभ्याचे मोल अधिक आहे: जागेवर हजर असलेला तो एकमेव दुरुस्तीकार होय. पण जाणकार दूर असल्यामुळेच साठा वाढू देऊन कोंडी ओढवून घेणेही तेथे अधिक महाग पडते. दोन्ही गोष्टी एकाच परिस्थितीतून निघतात.

तीन गाभे ठेवावेत की दोन, हा आकड्याचा वाद या दृष्टीने दुय्यम ठरतो. स्वयंचलित व्यवस्था आवृत्तीचे वय जाणते, क्रमांक जाणते, चालू कोणता हे जाणते. परंतु त्या यंत्रावर, त्या छपाईयंत्रासह व त्या जाळ्यासह कोणता गाभा खरोखर कामास उतरला आहे, हे ती जाणत नाही. ते यंत्र पुन्हा सुरू करून पाहणाऱ्यासच कळते. जुना गाभा जुना झाला म्हणून काढावयाचा नसतो. नवा पारखून झाला म्हणून काढावयाचा असतो. हिंगणघाटच्या बनी कापसाच्या बाबतीत ही पारख होण्यापूर्वीच बाजाराने निर्णय दिला, आणि ते वाण शेतातून गेल्यावर केवळ संशोधनसंस्थेच्या कोठारातून त्याची ओळख पटू लागली. संगणकाच्या बाबतीत निर्णयाचा क्षण अजून वापरणाऱ्याच्या हातात आहे. नवे उगवलेले पाहून मगच घरची सरकी जिनात धाडावी, एवढे भान ठेवले तर तो क्षण वाया जाणार नाही.